सगळे वकील दादाचे

शहरातल्या निम्म्या लोकांना गाडी चालवायला जिने शिकवलं, तिला स्वतःच्या घरात शिरायला भावाची परवानगी लागू लागली, तेव्हा तिने वकील करायचं ठरवलं.

तिला सगळे क्लचबाई म्हणत. वय बावन्न, आवाज खणखणीत. शेजारी बसलेल्या शिकाऊ माणसाचा पाय चुकला की ती "क्लच! क्लच! अहो, क्लच!" असं ओरडे आणि फुटपाथवरची माणसंसुद्धा दचकत. घर वडिलांनी बांधलेलं, दोन मजली. त्यांनी हयातीतच रीतसर कागद करून खालचा मजला दादाला आणि वरचा तिला दिला होता. फक्त जिना एकच होता. पुढच्या दारातून आत आलं की लांब पॅसेज, डाव्या हाताला कमान आणि कमानीतून दिसणारी दादाची बैठकीची खोली, आणि पॅसेजच्या टोकाला जिना. वीस वर्षं त्या जिन्यावरून कुणाचं काही अडलं नव्हतं.

मग दादा निवृत्त झाला.

चौतीस वर्षं तो पाणीपुरवठा खात्यात मीटर तपासत हिंडला होता. आता दिवसभर घरी बसायला लागल्यावर त्याला पहिल्यांदाच कळलं, की आपल्या डोळ्यांसमोरून रोज दहा-पंधरा माणसं वर जातात आणि खाली येतात. कुणी फॉर्मवर सही घ्यायला, कुणी वेळ ठरवायला, कुणी लायसन्स मिळालं म्हणून सांगायला. "हे घर आहे का बसस्टँड?" असं तो आधी पुटपुटला, मग मोठ्याने म्हणाला. त्यानंतर चपला बाहेर काढायची पाटी लागली. त्यानंतर बेल एकदाच वाजवायची पाटी लागली. मग एके दिवशी क्लचबाई शिकवणी संपवून आली, तर जिन्याच्या पायथ्याशी सुतार चौकट बसवत होता. आठवड्याभरात दार लागलं, आणि दाराला कुलूप. किल्ली दादाकडे.

"दुपारी एक ते चार बंद," दादाने सांगितलं. "आणि संध्याकाळी आठ ते सकाळी सात बंद. उरलेला वेळ तुझाच आहे की."

"दादा, मी राहते इथे!"

"मग वेळेत ये."

पहिल्या दुपारी ती तीन तास गाडीत बसून राहिली. दुसऱ्या दुपारी तिने खिडकीखाली उभं राहून "वहिनी, दार!" म्हणून इतक्या हाका मारल्या, की समोरच्या घरातली बाई आपलं दार उघडून उभी राहिली. सकाळी सहाची शिकवणी तिला बंदच करावी लागली, कारण सातपर्यंत खालीच उतरता येईना. महिनाभर ती समजुतीने बोलली, मग भांडली, मग अबोला धरला. अबोल्याचा उपयोग असा झाला, की दादाला तो आवडला.

वकील शोधायला ती शिकवणीच्या गाडीतूनच निघाली. तेवढा वेळ वाया कशाला घालवायचा, असा तिचा हिशोब. त्या आठवड्यात गाडी शिकत होता एक औषधवाला. पंचेचाळीस वर्षांचा, अतिशय सज्जन, पण उजवीकडे वळायची त्याला विलक्षण धास्ती. समोरून काही येत असलं, की तो सिग्नल हिरवा होऊन पुन्हा लाल होईपर्यंत विचार करत बसे.

पहिला वकील कोर्टासमोरच्या नव्या इमारतीत होता. काचेचं दार, गार हवा, टेबलामागे नीटनेटकी मुलगी. तिने क्लचबाईंचं नाव लिहून घेतलं, विरुद्ध बाजूचं नाव विचारलं, रजिस्टरची पानं उलटली आणि हळूच पेन खाली ठेवलं.

"तुमचे बंधू मंगळवारी येऊन गेलेत. आता साहेबांना तुमचं काम घेता येणार नाही."

"अहो, पण काम तर मी देतेय!"

"त्यांनी साहेबांना सगळं सांगितलंय ना. नियम आहे, बाई."

दुसऱ्या वकिलाकडेही तेच. फक्त तिथे दादा बुधवारी येऊन गेला होता. तिसरा वकील वहिनींचा मावसभाऊ निघाला. त्याने चहा पाजला, घरच्यांची चौकशी केली आणि हात जोडले. चौथा म्हणाला, आम्ही फक्त कंपन्यांची कामं बघतो. पाचव्याच्या पायऱ्या चढताना तिला दम लागला, आणि वर गेल्यावर कळलं, की दादा तिथे त्याच दिवशी सकाळी दहाला येऊन गेला होता. खुर्ची अजून गरम असेल, असं तिच्या मनात आलं.

ती खाली आली आणि गाडीचं दार इतक्या जोरात आपटलं, की औषधवाल्याने न सांगताच क्लच दाबला.

"सगळे उष्टे करून ठेवलेत!" ती म्हणाली. "गावातला एकेक वकील चाखून ठेवलाय माझ्या भावाने! मला एक ठेवला नाही."

"पुढे कुठे घेऊ?" औषधवाल्याने चाचरत विचारलं.

"उजवीकडे."

समोरून एक ट्रक येत होता. बराच लांब होता, पण येत होता. औषधवाल्याने ट्रककडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं आणि निमूटपणे डावीकडे वळला. ती गल्ली टायरच्या दुकानाशी संपत होती. क्लचबाईंनी कपाळाला हात लावला. आता इथून त्याला मागे घ्यायला शिकवायचं म्हणजे संध्याकाळ होणार. तेवढ्यात दुकानावरची पाटी तिला दिसली. पाटीवर एका वकीलबाईंचं नाव होतं आणि खाली बारीक अक्षरांत भाडेकरू, वारसा, घटस्फोट, अपघात, नोकरी, चेक, दत्तक, शेजारी अशी यादी. जागा संपल्यामुळे शेवटी नुसतं 'वगैरे' लिहिलं होतं.

सगळंच करणाऱ्या माणसाला काहीच धड येत नसतं, असं क्लचबाईंचं ठाम मत होतं. पण पर्याय काय होता? औषधवाल्याला गाडी बंद करायला सांगून ती वर गेली.

खोली लहान होती आणि रबराच्या वासाने भरलेली. भिंतीला टेकून फायलींचे ढीग, त्यांतल्या एका ढिगावर जेवणाचा डबा. वकीलबाई साठीच्या, बुटक्या, चष्मा केसांत खोचलेला. फोनवर त्या कुणाला तरी सांगत होत्या, "नाही, कुत्र्यावर केस करता येत नाही. मालकावर करता येते." फोन ठेवून त्यांनी खुर्चीवरच्या फायली उचलल्या आणि बसा म्हणून खूण केली.

"आधी एक सांगा," क्लचबाई उभ्यानेच म्हणाली, "माझा भाऊ तुमच्याकडे येऊन गेलाय का?"

वकीलबाईंनी नाव विचारलं, वही पाहिली. "नाही."

"नक्की?"

"या गल्लीत चुकून आल्याशिवाय कुणी येत नाही, बाई. बसा."

क्लचबाईंनी बसून सगळं सांगितलं. सांगताना पाट्या, चपला, बेल, वहिनींचा मावसभाऊ, सगळं एकदमच बाहेर पडलं. वकीलबाई मधूनमधून लिहीत होत्या आणि विचारत होत्या ते भलतंच. गॅस कुठे ठेवता? वर दुसरा जिना आहे का? गच्ची कुणाची? पाण्याची टाकी कुठे? क्लचबाईंना वाटलं, या बाईला घर भाड्याने हवंय की काय.

"आठ ते सात कुलूप," वकीलबाई म्हणाल्या. "त्या वेळात तुम्ही कुठे असता?"

"वर. घरात."

"आणि किल्ली खाली."

"हो."

वकीलबाईंचं पेन थांबलं. "म्हणजे रोज रात्री तुम्ही कोंडलेल्या असता. आग लागली, छातीत दुखलं, तर?"

इतके दिवस क्लचबाई आत कसं शिरायचं याच्याच मागे लागली होती. बाहेर पडता येत नाही, ही गोष्ट तिने नुसती शिकवणीची अडचण म्हणून सोडून दिली होती. आता पहिल्यांदाच तिला त्या कुलपाची भीती वाटली.

"तीन गोष्टी आणा," वकीलबाई म्हणाल्या. "वडिलांनी केलेला कागद. घराचा मंजूर नकाशा. आणि काय कधी झालं त्याच्या तारखा. तारखा आणा, विशेषणं नकोत."

कागद सापडला. नकाशाने मात्र नाकी नऊ आणले. नगरपालिकेच्या खिडकीवरचा कारकून म्हणाला, अर्ज आणा. अर्ज नेला, तर म्हणाला, हा जुना नमुना आहे. नवा नमुना नेला, तेव्हा तो रजेवर होता आणि त्याच्या जागी बसलेला दुसरा म्हणाला, जुनाच चालतो. चौथ्या खेपेला नकाशा मिळाला. तारखांचा कागद क्लचबाईंनी मन लावून लिहिला होता, चार पानं. वकीलबाईंनी लाल पेन काढलं.

"'निर्लज्जपणे' काढा. 'राक्षसासारखा' काढा. 'लहानपणापासूनच असा' हेही काढा."

"पण खरं आहे ते!"

"असेल. कोर्टाला त्याच्या लहानपणाशी काय करायचंय?"

चार पानांचं अर्धं पान उरलं. घरी जाताना क्लचबाईंना वाटलं, आपण वकील केलाय का शाळेतली मास्तरीण? आणि ही बाई आपल्या बाजूची आहे तरी का?

नोटीस गेली. वकीलबाईंनी ती अगदी सपक भाषेत लिहिली होती: कुलूप सात दिवसांत काढावं, तोवर एक किल्ली द्यावी, नाहीतर कोर्टात जाऊ. दादाने ती पॅसेजमध्ये उभं राहून मोठ्याने वाचली, म्हणजे वर ऐकू जावी. मग त्याने दार दुपारी बाराला बंद करायला सुरुवात केली.

तिसऱ्या दिवशी क्लचबाईंचं डोकं फिरलं. सकाळी आठ वाजता ती गच्चीवर गेली आणि खालच्या मजल्याच्या पाण्याचा व्हॉल्व्ह गच्च फिरवून बंद केला. चौतीस वर्षं लोकांचं पाणी मोजलंस ना, आता मोज! असं म्हणताना तिला भलतंच बरं वाटलं. ते बरं वाटणं दोन मिनिटं टिकलं. खालून किंकाळी आली. दादाची नव्हे, वहिनींची.

थोड्या वेळाने जिन्यावर पावलं वाजली आणि वहिनी वर आल्या. डोक्याला टॉवेल, त्याखालून शाम्पूचा फेस कानामागून ओघळतोय. क्लचबाई धावत व्हॉल्व्ह उघडायला गेली आणि परत येऊन म्हणाली, "वहिनी, माफ करा. मला वाटलं, दादा आंघोळ करतोय."

"ते नऊच्या आधी कधी करतात?" वहिनी एक डोळा मिटून म्हणाल्या. "भांडता तुम्ही दोघं आणि साबण माझ्या डोळ्यांत. बेसिन कुठाय?"

क्लचबाईंनी त्यांचं डोकं धुऊन दिलं. वाकलेल्या अवस्थेतच वहिनी बोलत होत्या.

"तुम्हाला वाटतं, ते तुमच्यावर चिडलेत. तसं नाही हो. रोज सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसतात. बेल वाजली की उठतात. जो येतो तो विचारतो, बाई आहेत का? सहा महिन्यांत त्यांच्याकडे म्हणून एक माणूस आला नाही. खात्यातलेसुद्धा कुणी नाहीत. त्यांनी कुलूप लावलं ते या गोष्टीला."

"मग मी काय करू? माणसं पाठवू भाड्याने?"

"मी कुठे म्हटलं काही करा. सांगितलं आपलं." वहिनी टॉवेल गुंडाळून उठल्या. "आणि मी तर पहिल्याच दिवशी उपाय सांगितला होता. पण या घरात माझं ऐकतंय कोण?"

उपाय कोणता, हे विचारायचं क्लचबाईंच्या ध्यानातच आलं नाही. तिला धास्ती होती वकीलबाईंची. आणि ती खरी ठरली.

"पाणी तोडलंत?" वकीलबाईंनी चष्मा केसांतून काढून नाकावर ठेवला. "तुमची बाजू शंभर टक्के स्वच्छ होती. एक डाग नव्हता. आता मला आधी माफीचं पत्र लिहावं लागणार. पुन्हा त्या व्हॉल्व्हला हात लावलात, तर दुसरा वकील बघा."

"दुसरा आहेच कुठे?" क्लचबाई जवळजवळ रडकुंडीला आली. "दुसरे सगळे दादाचे आहेत!"

माफीचं पत्र गेलं, आणि त्याबरोबर एकदा समोरासमोर बसून बोलण्याचं बोलावणं. नवल म्हणजे दादा आला. इस्त्रीचा शर्ट, हातात फाइल, मागे वहिनी. टायरवाल्याकडून दोन स्टुलं मागवावी लागली.

"तुमचे वकील?" वकीलबाईंनी विचारलं.

"मी स्वतः पुरेसा आहे."

"वकील आणलात तर बरं होईल. मी यांची वकील आहे, तुमची नाही. मी जे सांगेन ते यांच्या बाजूने सांगेन."

"सांगा तर खरं."

वकीलबाईंनी टेबलावर नकाशा पसरला. नकाशात पुढच्या दारापासून जिन्यापर्यंत सगळा पॅसेज तिरप्या रेघांनी भरलेला होता आणि वर लिहिलं होतं, सामाईक. वडिलांच्या कागदातही तेच होतं. "हा रस्ता दोघांचा आहे," त्या म्हणाल्या. "त्यावर कुलूप लावता येत नाही. आणि आत माणूस असताना तर अजिबातच नाही."

"माहीत आहे मला!" दादा एकदम ओरडला. "तेच तेच काय सांगता सगळे? सात वकिलांनी हेच सांगितलंय!"

खाली टायरमध्ये हवा भरल्याचा आवाज येत राहिला.

"सात?" क्लचबाई सावकाश म्हणाली. "म्हणजे तू मला वकील मिळू नये म्हणून नव्हतास हिंडत?"

"तुझा काय संबंध? मी माझ्यासाठी हिंडत होतो. एक तरी म्हणेल, की बरोबर आहे तुमचं. एकानेही म्हणू नये?" दादाने फाइल उघडली. आत काहीच नव्हतं, फक्त त्या सातांची कार्डं एकावर एक लावलेली होती. "तो काचेच्या ऑफिसवाला तर म्हणाला, बहिणीची माफी मागा. मी त्याला मत विचारायला गेलो होतो का?"

"वकिलाकडे आणखी काय विचारतात मग?" क्लचबाईंनी हात टेकले. दीड महिना ती या माणसाच्या कावेबाजपणावर जळफळत होती. आणि हा गडी दारोदार जाऊन स्वतःच्याच विरुद्धचा निकाल गोळा करत होता! तिला हसावं का ओरडावं ते कळेना. तिने दोन्ही केलं. दादा लाल झाला आणि उठायला लागला.

"बसा हो," वहिनी म्हणाल्या. आवाज मोठा नव्हता, पण दादा बसला. "मी आता तिसऱ्यांदा सांगते, आणि इथे वकील आहेत म्हणून निदान ऐकून तरी घ्या. ते दार जिन्याला नकोच. कमानीला लावा. कमानीला दार लावलं, की आपली खोली आपली आणि पॅसेज सगळ्यांचा. येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पाय दिसायला नकोत आणि कुलूपही नको."

वकीलबाईंनी नकाशा स्वतःकडे फिरवला. कमानीवर बोट ठेवलं, मग जिन्यावर. "रुंदी?"

"सारखीच आहे," वहिनी म्हणाल्या. "मी मोजलीय. त्याच दिवशी मोजली होती."

"तू बोलली नाहीस!" दादा म्हणाला.

"तुम्ही सुताराशी बोलत होता."

क्लचबाईसुद्धा महिनाभर खिडकीखालून वहिनींना हाका मारत होती, पण दार उघडा यापलीकडे तिने वहिनींना काही विचारलंच नव्हतं.

समजुतीचा कागद करायला आणखी तीन बैठका लागल्या. कारण दादाला प्रत्येक वाक्यात काहीतरी खुपत होतं. 'कायमचे' कशाला, 'यापुढे' लिहा. 'प्रतिवादी' हा शब्द त्याला शिवीसारखा वाटला. चपला बाहेर काढायची अट त्याने हट्टाने घालून घेतली आणि क्लचबाईंनी बेलची पाटी हट्टाने काढायला लावली. एका दुपारी 'सामाईक' शब्दापुढे स्वल्पविराम हवा की नको यावर पाऊण तास गेला. वकीलबाईंनी डबा उघडून तिथेच जेवून घेतलं. शेवटी सह्या झाल्या. व्हॉल्व्हला दोघांपैकी कुणीही एकमेकांना सांगितल्याशिवाय हात लावायचा नाही, हे वाक्य वकीलबाईंनी कुणालाही न विचारता घातलं होतं.

सुतार तोच आला. जिन्याचं दार चौकटीसकट काढून त्याने कमानीला बसवलं. अर्ध्या दिवसाचं काम. "आधीच सांगायचं होतं ना," तो म्हणाला, तेव्हा तिघांनीही एकदम त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं, की तो चहा न पिताच गेला.

दादा पंधरा दिवस कमानीचं दार लावून आत बसला. मग हळूहळू ते दुपारी उघडं दिसायला लागलं. एके दिवशी क्लचबाई वर वाट बघत होती. साडेदहाची शिकवणी होती, एका बँकेतल्या बाईंची. पावणेअकरा झाले, अकराला पाच कमी झाले. तिने जिन्यावरून खाली डोकावून पाहिलं. पॅसेजमध्ये, बरोबर मधोमध, दादा खुर्ची टाकून बसला होता. समोर बँकवाल्या बाई हातात चपला धरून उभ्या होत्या आणि दादा त्यांना सांगत होता, की पाण्याचं मीटर उलटं कसं फिरतं आणि लोक त्यासाठी काय काय लटपटी करतात. बाई चक्क प्रश्न विचारत होत्या.

क्लचबाईंनी रागारागाने वकीलबाईंना फोन लावला.

"आता तो रस्त्यात खुर्ची टाकून बसतो! माझ्या माणसांना अडवून गप्पा मारतो! परवा कुरिअरवाल्याला अर्धा तास बसवून ठेवलं. मला धंदा करायचाय की नाही?"

"कुलूप आहे का?"

"नाही, पण..."

"वर यायला नाही म्हणतो का?"

"म्हणत नाही हो, बोलतो! नुसता बोलतो!"

"पॅसेज सामाईक आहे, बाई," वकीलबाई म्हणाल्या. त्यांच्यामागे कुणीतरी मोठ्याने आपली कैफियत मांडत होतं. "बसू द्या. तुम्ही वेळ अर्धा तास आधीची देत जा."

फोन बंद झाला. क्लचबाईंनी कठड्यावरून वाकून, फुटपाथवरची माणसं दचकतील अशा आवाजात हाक मारली, "दादा, सोड त्यांना!"

"सोडतो, सोडतो, संपतच आलंय," दादा खालून म्हणाला आणि बँकवाल्या बाईंकडे वळला. "तर मी काय सांगत होतो?"